ड्रायव्हर बदला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. तेरा टेबलांवर तेरा लॅपटॉप झाकणं उघडून ठेवले होते. त्यांच्या चार्जरच्या वायरी काढून एका टोपलीत टाकल्या होत्या. संस्थेतली झाडून सगळी माणसं भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभी होती. मुलांचे कान तपासून घ्यायला आलेल्या आईबापांनाही आत घेतलं होतं. दहा मिनिटं मौन, असा हुकूम होता. माझे डोळे अर्थातच उघडे होते.

मधोमध लहरीगुरुजी उभे होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरे बूट आणि उजव्या मनगटात काळ्या मण्यांचं जाडजूड कडं. आवाज असा की लोण्यात बुडवून काढलाय.

"यंत्राला मन असतं," मौन संपल्यावर ते म्हणाले. "मन आलं की रुसवा आला. रुसवा आला की वाचा गेली. गेलेली वाचा कोण देणार? लहर देणार. लहर म्हणजे काय? जी दिसत नाही ती. दिसली तर ती लहर नव्हे. कुणाला प्रश्न?"

कुणालाच प्रश्न नव्हता. जे दिसत नाही त्याबद्दल विचारायचं तरी काय, असा सगळ्यांचा चेहरा होता.

गुरुजी पहिल्या टेबलापाशी गेले. माझ्या हाताखाली काम करणारी धाकटी तिथे बसली होती. तिने कान तपासणीचा स्वर वाजवायची कळ दाबली. लॅपटॉप ढिम्म. तिने पुन्हा दाबली. काही नाही.

"मुका," गुरुजी हळहळले. मग त्यांनी उजवा हात कीबोर्डच्या चार बोटं वरून फिरवला. डावीकडच्या कडेला आल्यावर हात थांबला आणि जरा खाली आला. "झोप, बाळा." आणि पडदा खरोखर काळा झाला. बोट लागलं नाही, कळ दाबली गेली नाही. सभागृहात कुणीतरी श्वास ओढला. गुरुजींनी हात उचलला. "ऊठ, बाळा." पडदा उजळला. "बोल, बाळा." धाकटीने कळ दाबली आणि टूँऽऽ असा स्वच्छ स्वर सभागृहभर घुमला.

टाळ्या! एका आईने पदराने डोळे पुसले. मोठे सर, म्हणजे आमचे संचालक, दोन पदव्या आणि एक पुरस्कार असलेला माणूस, हात जोडून उभे होते. एकामागून एक तेराही लॅपटॉप झोपले, उठले आणि बोलले. मला हसू येत नव्हतं. कारण मी तीन आठवडे याच लॅपटॉपांपुढे डोकं आपटत होते आणि हा माणूस ते हात फिरवून करत होता.

आता हे तीन आठवडे सांगायलाच हवेत. आमची संस्था लहान मुलांच्या कानांची तपासणी करते. लॅपटॉपला हेडफोन लावायचा, मुलाला हळू-मोठे स्वर ऐकवायचे, ऐकू आला की मुलाने बोट वर करायचं. आठवड्यातून चार दिवस आमची गाडी शाळाशाळांत जाते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मोठ्या सरांच्या मेव्हण्यांनी सुचवलं की लॅपटॉपांची सिस्टीम जुनी झाली, नवी टाका. कंत्राटावरचा कॉम्प्युटरवाला आला, एका दिवसात तेराही लॅपटॉपांवर नवी सिस्टीम चढवून गेला. भाषा कोणती हवी, असं पडद्यावर आलं तेव्हा मोठ्या सरांनी स्वतःच्या हाताने मराठी निवडली.

"आता यंत्रंही आपल्याशी आपल्या भाषेत बोलतील," ते छाती फुगवून म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रं बोलायचीच बंद झाली. चांगला चाललेला आवाज मध्येच जायचा. रिस्टार्ट केलं की यायचा आणि पुन्हा जायचा. रिस्टार्ट केलं की अर्धी झालेली तपासणी पुसली जायची, म्हणजे मूल पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांचं पोर दुसऱ्यांदा तो हेडफोन डोक्याला लावून घेत नाही. तिसऱ्यांदा तर ते टेबलाखाली जाऊन बसतं आणि आपण त्याच्या मागे.

कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. "ताई, रिस्टार्ट केलं का?" हा एकच मंत्र. चौथ्या फोनानंतर त्याने उचलायचं सोडलं. लॅपटॉपच्या कंपनीला फोन केला. तिथल्या बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज मला चाळीस मिनिटं सांगत होता की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग मी स्वतः बसले. सेटिंगच्या पोटात, त्याच्या आणखी पोटात शिरून आवाजाचा रकाना शोधला. एका चौकटीत लिहिलं होतं, 'या उपकरणासाठी सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच उपलब्ध आहे.' आणि दुसऱ्या चौकटीत, पिवळ्या त्रिकोणासकट, 'ड्रायव्हरमध्ये दोष आढळला. ड्रायव्हर बदला.' एकाच यंत्राची ही दोन तोंडं. मी टेबलावर हात आपटला आणि हातालाच लागलं.

ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण त्यानेच घात केला.

आमच्या संस्थेत 'ड्रायव्हर' म्हटलं की एकच माणूस. गाडी चालवणारे ड्रायव्हरकाका. एकवीस वर्षं आमची गाडी त्यांच्या हातात आहे. मी इथे नऊ वर्षं आहे, पण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारलेली ऐकली नाही. उंच, किडकिडीत माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. वयाची सत्तावन्न झालेली, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. गाडी पुसून झाली की वहीत किलोमीटर लिहायचे आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही.

मेव्हण्यांनी लहरीगुरुजींना आणलं. गुरुजींनी पहिल्याच भेटीत पडद्यावरचं ते वाक्य वाचलं. डोळे मिटले. मग म्हणाले, "यंत्र स्वतः सांगतंय. इथल्या ड्रायव्हरमध्ये दोष आहे. त्याची लहर उलटी फिरते. मी वाचा देईन, पण तो माणूस आहे तोवर ती टिकणार नाही."

मला वाटलं, मोठे सर हसतील. सरांनी टंकलेखिकेला बोलावलं. शनिवारपासून ड्रायव्हरकाका कामावरून कमी, असं पत्र निघालं. मी तशीच त्यांच्या खोलीत घुसले.

"सर, तो ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे. तो लॅपटॉपमधला छोटा प्रोग्रॅम असतो. आवाजाचा भाग आणि नवी सिस्टीम यांच्यातला दुभाषी. नवी सिस्टीम आली तेव्हा त्याच्यात घोळ झालाय."

"ते मला माहीत आहे हो. मी काय अडाणी आहे?" सर चिडले. "पण शब्द बघा ना. यंत्राला दुसरा शब्द नव्हता का?"

"उद्या 'माउस सापडत नाही' असं आलं तर पिंजरा लावणार का आपण?"

"थट्टा नको. नोंदी तुमच्याच आहेत ना? बघा जरा. इथे संस्थेत आवाज क्वचित जातो. लॅपटॉप त्या ड्रायव्हरच्या गाडीतून शाळेत गेला की हमखास जातो. पुन्हा पुन्हा, तोच माणूस, तोच प्रकार. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा."

नोंदी खरंच तशा होत्या. संस्थेत आवाज नीट, लॅपटॉप गाडीतून बाहेर गेला की मुका. मला कारण माहीत नव्हतं, आणि मला कारण माहीत नव्हतं म्हणून गुरुजींचं कारण खरं ठरत होतं. याचा मला इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर आले. बाहेर काका पत्र हातात घेऊन उभे होते. चष्मा न लावताच वाचत होते.

"ताई, यात दोष म्हणजे नेमका कोणता दोष, ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "ते कळलं असतं तर सुधारला असता."



गुरुवारची शाळा ही त्यांची शेवटून दुसरी फेरी. शाळेने आम्हाला कार्यालयाशेजारची लांबट खोली दिली होती. भिंतीवर सूचनांचा पत्र्याचा फळा, त्यावर रंगीत गोल चकत्यांनी कागद लावलेले. तिसरीतली एक मुलगी खुर्चीवर बसली. उजवा कान झकास. प्रत्येक स्वराला बोट वर. डावा कान सुरू केला, दोन-तीनदा बोट वर गेलं, तेवढ्यात मधल्या सुट्टीच्या गोंगाटामुळे दहा मिनिटं थांबावं लागलं आणि मग बोट वर जाईना. धाकटी कागदावर फुल्या मारत होती. फुली, फुली, फुली. खाली तिने लिहायला घेतलं, 'डावा कान : प्रतिसाद नाही'.

"थांब!" मी ओरडले आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. आत स्मशानशांतता. ऐकू येण्यासारखं काही वाजतच नव्हतं. पोर शहाण्यासारखी गप्प बसली होती आणि आम्ही तिला एका कानाने बहिरी करून टाकत होतो. काल संध्याकाळीच सभागृहात गुरुजींनी 'बोल, बाळा' केलेला हाच तो लॅपटॉप. शाळेत बोलू नये असा एक शब्द माझ्या तोंडून गेला आणि मी रिस्टार्टच्या कळीकडे हात नेला.

"ताई, रिस्टार्ट नका करू." दारात ड्रायव्हरकाका होते. "झाकण लावा आणि उघडा."

"काका, आता तुम्हीही सुरू झालात का?"

"एकदा करून तर बघा. माझं म्हणणं खोटं निघालं तर शनिवारी जायचं ते आत्ता जातो."

मी झाकण धाडकन लावलं आणि उघडलं. पडदा उजळला, तपासणी जिथे थांबली होती तिथेच होती. कळ दाबली. टूँऽऽ. मुलीने बोट वर केलं.

मी काकांकडे बघतच राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी काखेतली वही पुढे केली. गाडीचीच वही, पण मागच्या पानांपासून उलटी लिहिलेली. "माझ्यावर आलं तेव्हापासून लिहायला लागलो. गाडी बंद पडली की मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन बदलल्या तर कशाने चालू झाली ते समजत नाही. मग म्हटलं, यांचंही तसंच करू. परवा दोन लॅपटॉप गाडीतून आणले. दोन्ही माझ्याच गाडीत, माझ्याच मागे. शाळेत आल्यावर एकाला वायर लावली, दुसऱ्याला नाही. धाकट्या ताईंना मीच म्हटलं होतं तसं."

"हो," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, वायरी कमी पडल्या."

"वायरवाला दिवसभर बोलला. बिनवायरीचा दहा मिनिटं रिकामा राहिला आणि मुका झाला. काल अदलाबदल केली. काल दुसरा मुका. आता लहर माझी असेल तर ती वायर बघून का फिरावी, ताई?"

मला ओरडावंसं वाटलं. एवढं साधं! संस्थेत लॅपटॉप वायर लावूनच असतात, शाळेत आम्ही ते बॅटरीवर चालवतो. नवा दुभाषी बॅटरी वाचवण्यासाठी आवाजाच्या भागाला झोपवत होता आणि पुन्हा उठवायला विसरत होता. झाकण लावून उघडलं की सगळंच यंत्र झोपून उठायचं, त्यात तोही भाग उठायचा. आणि मला एकदम सभागृहातली ती टोपली आठवली. वायरी काढा. दहा मिनिटं मौन पाळा. अरे लबाडा! आजारी पाडणारा तूच आणि औषध देणाराही तूच.

"पण काका, गुरुजी झाकण कुठे लावतात?"

"तेच अडलंय माझंही." ते खुर्ची ओढून बसले. "गाडीचं दार लावलं की आतला दिवा जातो. चौकटीत बटण असतं. ते बोटाने दाबलं तर दार उघडं असून दिवा जातो. या लॅपटॉपला झाकण लागल्याचं कळतं कसं? याचं बटण कुठाय?"

नऊ वर्षं मी लॅपटॉपची झाकणं लावतेय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आम्ही तिघं आणि ती मुलगी, चौघं मिळून लॅपटॉप चाचपू लागलो. बटण कुठेच नव्हतं. बटण एखाद्या फटीत असेल म्हणून धाकटीने कागदाची पिन झाकणाच्या कडेवरून फिरवली. डावीकडे एका जागी पिन चिकटली.

"लोहचुंबक!" मुलगी ओरडली. ती तिसरीत होती, तिला आमच्याआधी कळलं. झाकणातलं चुंबक कीबोर्डजवळ आलं की यंत्र झाकण लागलं असं समजून झोपत होतं.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, "ताई, गुरुजींना बसथांब्यावरून मीच आणलं होतं. उतरताना त्यांचं मनगट दाराच्या पत्र्याला चिकटलं. टक् असा आवाज झाला. त्यांनी ओढून सोडवलं आणि इकडेतिकडे बघितलं. मी म्हटलं, कडं अडकलं असेल."

मी फळ्यावरची एक निळी चकती काढली. मागे लोहचुंबक असतंच तिला. लॅपटॉपचं झाकण उघडंच होतं. चकती कीबोर्डच्या डाव्या कडेला, पिन जिथे चिकटली त्याच्या समोर धरली. पडदा काळा. चकती उचलली. पडदा उजळला.

"परत करा! परत करा!" मुलगी टाळ्या पिटू लागली. आम्ही परत केलं, आणखी पाच वेळा केलं. मला हसावं की रडावं कळेना. एवढ्याशा लोहचुंबकाने अख्ख्या संस्थेला हात जोडायला लावले होते आणि एका माणसाची भाकरी काढून घेतली होती. मग वायर लावून मुलीची तपासणी पुन्हा केली. दोन्ही कान उत्तम.

दुपारी मी पुन्हा त्या आवाजाच्या रकान्यात शिरले. 'ड्रायव्हर बदला' या बटणावर मी शंभरदा बोट ठेवलं होतं, प्रत्येक वेळी नव्याहून नवा शोधायला. त्याच्याच खाली एक बटण होतं, 'मागील ड्रायव्हर परत आणा'. ते मी एकदाही दाबलं नव्हतं, कारण नवं ते चांगलंच असणार हे मीही धरून चालले होते. म्हणजे माझीही एक अंधश्रद्धा होतीच, फक्त तिला पांढरा सदरा नव्हता. मी ते बटण दाबलं. लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर. प्रत्येक वेळी टूँऽऽ.

शुक्रवारी सकाळी दहाला गुरुजींचा शेवटचा विधी होता. पुन्हा सभागृह भरलं. टोपली आली. "वायरी काढा," गुरुजी म्हणाले. "आज शुद्धी पूर्ण होईल. उद्या दोष दाराबाहेर. कुणाला प्रश्न?"

"आहे," मी हात वर केला.

गुरुजींना या प्रसंगाची सवय नसावी. त्यांनी मेव्हण्यांकडे बघितलं.

"दहा मिनिटांचं मौन पाळू," मी म्हणाले, "पण आज वायरी तशाच राहू देत."

"वायर म्हणजे लहरीच्या वाटेतला काटा आहे, ताई."

"परवा वाचा दिलीत ना सगळ्यांना? मग आज ते बोलत असतील तर तुमचाच मान वाढेल. करू या ना, सर?"

मोठ्या सरांनी होकारार्थी मान डोलावली. दहा मिनिटं आम्ही गप्प उभे राहिलो. मग मी एकेका टेबलापाशी जाऊन कळ दाबली. टूँऽऽ, टूँऽऽ, टूँऽऽ. तेराच्या तेरा लॅपटॉप बोलले. गुरुजींचा हात नुसताच हवेत. आजारीच कुणी नाही, बरं कुणाला करणार?

मग मी काल दुरुस्त न केलेल्या एका लॅपटॉपची वायर काढली. आणखी दहा मिनिटं. त्याची कळ दाबली. मुका. आता सगळ्यांचे डोळे उघडे होते. मी झाडलोट करणाऱ्या मावशींना पुढे बोलावलं आणि ती निळी चकती त्यांच्या तळहातात दिली. कुठे धरायची ते दाखवलं.

मावशींनी हात फिरवला. "झोप, बाळा," त्या हुबेहूब लोण्यातल्या आवाजात म्हणाल्या. पडदा काळा. "ऊठ, मेल्या, आठ वाजले." पडदा उजळला. टूँऽऽ. सभागृहात जो हशा पिकला तो मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऐकला.

गुरुजी पटकन सावरले. "बघितलंत? या माउलीतही लहर आहे!"

"लहर कसली हो," मावशी म्हणाल्या. "शाळेच्या फळ्यावरची चकती आहे. परत द्यायचीय."

मी टंकलेखिकेच्या टेबलावरची पिनांची डबी उचलली आणि गुरुजींच्या मनगटाजवळ नेली. त्यांनी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. डबीतल्या पिना टपाटप उडून कड्याला जाऊन लागल्या. गुरुजींचं मनगट साळिंदरासारखं दिसू लागलं. मी वायरीचं, बॅटरीचं, झाकणाचं सगळं लोकांना समजावून सांगितलं. गुरुजी सदऱ्याच्या बाहीत पिना लपवत दाराकडे सरकले.

"मला पुढच्या गावाला पोहोचायचंय. गाडी मिळेल ना?"

सगळ्यांनी ड्रायव्हरकाकांकडे बघितलं.

"ड्रायव्हरमध्ये दोष आहे म्हणे," काका शांतपणे म्हणाले. "चालत गेलेलं बरं."

एवढं झालं, तरी सगळ्यांची खात्री पटली असं समजू नका. एक बाप जाता जाता मला म्हणाला, "ते चुंबक वगैरे ठीक आहे ताई, पण काहीतरी शक्ती असल्याशिवाय माणूस एवढा पांढरा राहील का?" मी कपाळाला हात लावला.

मी आणि काका मोठ्या सरांच्या खोलीत गेलो. सरांचा चेहरा उतरला होता. मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि खरा उपाय दाखवला. सरांनी चष्मा पुसून पडद्यावरचं बटण वाचलं, 'मागील ड्रायव्हर परत आणा'. आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"बघा!" ते टेबलावर थाप मारून म्हणाले. "यंत्रच म्हणतंय, मागील ड्रायव्हर परत आणा. झालं तर मग! काका, ते पत्र फाडा. तुम्ही परत आलात. मी आत्ता लिहून देतो, 'यंत्राच्या सूचनेनुसार दोष दूर झाल्याने पूर्वीच्या ड्रायव्हरला परत घेण्यात येत आहे.'"

खरं सांगते, माझ्या मनात आलं, असू दे. नोकरी वाचतेय ना? कशी का वाचेना. तीन आठवड्यांनी मी इतकी पिचले होते की कुठलंही दार उघडलं असतं तर मी त्यातून बाहेर पडले असते. मी काकांना डोळ्यांनी खुणावलं, घ्या.

काकांनी पत्र घेतलं नाही. ते बसलेसुद्धा नाहीत.

"नको, सर."

"नको म्हणजे? नोकरी नको?"

"नोकरी हवी आहे. मला दुसरीकडे कोण ठेवणार या वयात?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "पण पडद्याने काढलं आणि पडद्यानेच परत घेतलं, तर उद्या पडद्यावर आणखी काहीतरी येईल. तेव्हा पुन्हा मीच दारात उभा राहणार. मला पडद्याने घेऊ नका. तुम्ही घ्या. आणि दोष दूर झाला असं लिहू नका. दोष नव्हताच."

सरांनी कागद पुढे ओढला, लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. हा माणूस शेकडो पानांचे अहवाल एका बैठकीत लिहितो, पण या तीन ओळींना त्यांना पाऊण तास लागला. शेवटी जे झालं ते असं होतं : 'आमच्या ड्रायव्हरची कोणतीही चूक नव्हती. लॅपटॉपमधला बिघाड आम्ही तपासला नाही आणि त्याचा दोष त्यांच्यावर ठेवला. चूक माझी आहे, मी त्यांची माफी मागतो.' खाली सही. आणि सर उठून उभे राहिले, पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. काकांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, दुसऱ्यांदाही वाचलं. मग म्हणाले, "अकराची शाळा आहे, उशीर झालाय," आणि गाडीकडे गेले.

गुरुजी आता दुसऱ्या कुठल्यातरी कार्यालयात हात फिरवत असतील. तिथेही एखादा ड्रायव्हर, एखादी मावशी, एखादा पहारेकरी असेलच, ज्याच्यावर दोष ढकलता येईल. कारण खोट्या चमत्काराला दोषी माणूस लागतो, आणि तो नेहमी अशांतला निवडला जातो ज्यांना बैठकीत खुर्ची नसते. म्हणून विनवते, रागाने का होईना पण विनवते. यंत्र बिघडलं, माणूस आजारी पडला, पीक गेलं, काहीही झालं, तर कारण माहीत नाही असं म्हणायला लाजू नका. माहीत नाही, एवढंच म्हणा आणि शोधा. वही घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला, काय झालं ते लिहा. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तोच तुमच्या हातून होतो का ते बघा. हात जोडायच्या आधी एकदा हात लावून बघा.